पोटात गोळा

‘पोटात गोळा येणे’ हा वाक्प्रचार मी आयुष्यभर तीनच प्रसंगांसाठी राखून ठेवला होता : शाळेतला निकाल, बँकेतली ऑडिट पार्टी आणि स्वयंपाकघरातून आलेलं हिचं ‘जरा इकडे येता का?’ तो शब्दशः अनुभवायला मात्र मला वयाच्या एकोणसत्तराव्या वर्षी अमेरिकेत, न्यू जर्सीला जावं लागलं. आणि तोही साधासुधा गोळा नव्हे. चांगला लिंबाहून मोठा, टोमॅटोच्या रश्श्यात अडीच तास मुरलेला, खिम्याचा गोळा.

त्याचं असं झालं. आम्ही उभयता चिरंजीवांकडे सहा महिने राहायला गेलो होतो. अमेरिकन सरकार आईबापांना एका वेळी साधारण सहाच महिने राहू देतं. हा नियम करणारा गृहस्थ घरात अनुभव घेतलेला असावा. पहिला महिना रस्ते किती स्वच्छ आहेत हे म्हणण्यात जातो, दुसरा रस्त्यावर माणूस कसा दिसत नाही हे म्हणण्यात, आणि तिसऱ्या महिन्यात आपण भांडी धुण्याच्या यंत्रात ताटल्या कशा लावाव्यात यावर सूनबाईला सूचना करू लागतो. सरकारला हे सगळं ठाऊक असतं.

पहिल्याच रविवारी हिनं गोळ्यांची आमटी केली. ठाण्याहून आणलेला गोडा मसाला, आमसूल, गूळ, सगळा जामानिमा. चिरंजीव लहानपणी या आमटीसाठी खेळ सोडून घरी यायचे. तेव्हा नातूही येणार, असा हिचा साधा हिशेब. पानं घेतली, आणि आमचे नऊ वर्षांचे नातू बूट चढवून दारात उभे.

“कुठे निघालास रे जेवायच्या वेळेला?”

“नोन्नाकडे. आज संडे ना, आजोबा. तू पण ये.” (त्याच्या मराठीत ‘तुम्ही’ अजून आलेलं नाही.)

नोन्ना म्हणजे इटालियन भाषेत आजी. ही शेजारच्या घरातली. वय ब्याऐंशी, नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलंबाळं दूरच्या राज्यांत. तिचे आजी-आजोबा नेपल्सच्या पलीकडल्या कुठल्याशा खेड्यातून इकडे आले, ती स्वतः मात्र इथलीच. दर रविवारी दुपारी ती मीटबॉल करते आणि आमचे नातू तिथे जेवतात. गेली दोन वर्षं.

आता तुम्हीच सांगा. त्याची सख्खी आजी इथे, पातेल्यात तिच्या हातचे गोळे, आणि हा दुसऱ्या आजीच्या हातचे गोळे खायला भर थंडीत कुंपण ओलांडणार! ही काही बोलली नाही. आमटी वाढताना तिनं माझ्या पानात तीनऐवजी पाच गोळे घातले, एवढंच. उरलेल्या गोळ्यांचं दुःख कसं वाटून घ्यायचं हे तिला चांगलं कळतं.

मला आणखी एक चिंता होती. आम्ही तसे शाकाहारी. म्हणजे ही आहे, घराणंही आहे. मी ठाणे स्टेशन ओलांडलं की नसतो. पण माझ्याही मांसाहाराला एक लक्ष्मणरेषा आहे. बोकड, कोंबडी, मासळी, इथवर मी जातो आणि परत फिरतो. अमेरिकेत मीटबॉल म्हटलं की गाय, डुक्कर आणि वासरू या तिघांचा एकत्र खिमा, असं मी ऐकून होतो. सूनबाईला विचारलं. ती म्हणाली, “काळजी नका करू बाबा. तिला ठाऊक आहे.” बँकेत असताना ‘त्यांना ठाऊक आहे’ एवढ्या तारणावर मी कोणाला शंभर रुपयेसुद्धा दिले नव्हते.

तेव्हा मी ठरवलं : नातवाला परत आणायचा. आणि ज्या गोळ्यानं नेला, त्याच गोळ्यानं.

कर्ज मंजूर करण्याआधी कागदपत्रं पाहायची सवय असल्यामुळे मी गावच्या वाचनालयात जाऊन बसलो. आणि पहिलाच धक्का बसला. ज्या पदार्थाला अख्खी अमेरिका इटालियन म्हणते, तो अशा रूपात इटलीत जवळपास सापडतच नाही! तिथे ‘पोलपेत्ते’ असतात, पण लहान, आणि बहुधा स्वतंत्र खायचे. शेवयांच्या डोंगरावर मुठीएवढे गोळे ठेवण्याची पद्धत अमेरिकेतली. १८८० ते १९२० या काळात सुमारे चाळीस लाख इटालियन माणसं अमेरिकेत उतरली, त्यांतली बहुतेक गरीब दक्षिणेतली. गावी मांस सणासुदीला मिळायचं. ते पुरवठ्याला यावं म्हणून त्यात शिळा पाव कालवायचा. इथे आल्यावर बघतात तो काय, मांस स्वस्त! मग गोळा वाढत गेला. बँकेत बढती झाल्यावर आमच्या एका साहेबांचं पोट वाढलं होतं, तसाच.

आणि टोमॅटो! माझी समजूत, रोमन लोक टोमॅटो खाऊनच लढाईला जात असतील. पण टोमॅटो मूळचा अमेरिका खंडातला. कोलंबसानंतर, सोळाव्या शतकात तो युरोपात पोचला. पुढे युरोपियनांबरोबर आपल्याकडे आला. माझ्या आजीनं त्याच्या लाल रंगाला भिऊन तो मरेपर्यंत सोवळ्यात घेतला नाही. आणि हाच टोमॅटो इटालियन माणसांबरोबर पुन्हा अमेरिकेत आला. डब्यात बसून का होईना, माहेरी आला.

प्रात्यक्षिकासाठी चिरंजीवांनी मला ‘गॉडफादर’ दाखवला. १९७२ सालचा हा चित्रपट. त्यात एक जाडजूड गुंड तरुण मायकेलला वीस माणसांचा रस्सा करायला शिकवतो : तेल, लसूण, टोमॅटो, मग सॉसेज आणि मीटबॉल, थोडी वाइन आणि चिमूटभर साखर. उरलेल्या चित्रपटात गोळ्या आहेत, त्या प्रसंगात गोळे. मला गोळ्यांपेक्षा गोळे अवघड वाटले.

पहिला प्रयोग मी सूनबाईंच्या परवानगीनं आणि हिच्या निषेधात केला. ओक ट्री रोडवरच्या देशी दुकानातून बोकडाचा खिमा आणला. त्यात अंडं, लसूण, मीठ, मिरी घालून कणकेसारखा चांगला मळला. इथेच चुकलं. खिमा जितका मळावा तितकी त्याच्यातली प्रथिनं एकमेकांना घट्ट धरतात. कामगार संघटनेसारखं आहे ते. वरून जितका दाब द्याल तितकी एकजूट वाढते. तळताना धूर झाला आणि छतावरचा स्मोक अलार्म ओरडू लागला. चिरंजीव टॉवेल फडकावत धावले, सूनबाईनं खिडक्या उघडल्या आणि बाहेरचा बर्फाळ वारा जेवायला आत आला. तयार गोळे लाल, गोल आणि टणक. नातवानं एक ताटलीत टाकून पाहिला. चांगला टप्पा घेत होता.

दुसऱ्या खेपेला मी शहाणा झालो. मळला नाही, तळला नाही. गोळे वळून थेट खळखळत्या रश्श्यात सोडले आणि लागू नयेत म्हणून डाव घालून ढवळत राहिलो. वीस मिनिटांनी पातेल्यात एकही गोळा नव्हता.

ही कोचावर स्वेटर विणत होती. तिथूनच म्हणाली, “गोळे सोडल्यावर डाव घालायचा नसतो.”

“तुला काय ठाऊक? तू तर हात लावत नाहीस याला!”

“बेचाळीस वर्षं आमटीत गोळे सोडतेय. आधी एकच सोडून बघायचा. तो टिकला तर बाकीचे. आणि आच कमी करा. वास जळका येतोय.”

नंतर दोघांनी मिळून पातेलं घासलं. म्हणजे, तिनं लांबून सांगितलं आणि मी घासलं.

शेवटी मान खाली घालून मी गुरुगृही गेलो. नातू दुभाषा म्हणून बरोबर होता, कारण माझं इंग्रजी बँकेच्या पत्रव्यवहारातलं आणि नोन्नाबाईंचं न्यू जर्सीतलं. ‘विथ रेफरन्स टू युवर मीटबॉल’ अशी सुरुवात केली, तर त्या खळखळून हसल्या आणि म्हणाल्या, “रविवारी सकाळी सातला या.”

मी सातला पाच कमी असताना वही, पेन आणि ग्रॅम दाखवणारा वजनकाटा घेऊन हजर. बाईंनी काटा हातात घेतला, उलटासुलटा पाहिला आणि फ्रिजवर ठेवून त्यावर केळी ठेवली. शेवटपर्यंत तो काटा केळ्यांचंच वजन दाखवत राहिला.

“मीठ किती?” मी पेन सरसावून विचारलं.

“क्वांतो बास्ता.”

म्हणजे ‘लागेल तितकं’. इटालियन पाककृतींच्या पुस्तकांत हे दोन शब्द चक्क छापलेले असतात, ‘क्यू. बी.’ अशी आद्याक्षरं करून. आमच्या घरी यालाच ‘अंदाजानं’ म्हणतात. जगातल्या सगळ्या आज्यांनी मिळून हा कट केलेला दिसतो.

आणि मी ‘सॉस’ म्हटलं, तर त्यांनी डावाची दांडी माझ्या वहीवर आपटली. “सॉस नव्हे. ग्रेव्ही!” न्यू जर्सीकडच्या कितीतरी इटालियन घरांत रविवारच्या या रश्श्याला ग्रेव्हीच म्हणतात. मी वहीतली दुरुस्ती सही करून केली.

आता रीत सांगतो. मोठ्या पातेल्यात ऑलिव्ह तेल, त्यात लसूण. सोनेरी होण्याआधीच टोमॅटोचा घट्ट गर परतायचा. मग सोललेल्या टोमॅटोचे चार डबे. डबा अठ्ठावीस औंसांचा, म्हणजे पाऊण किलोहून जरा जास्त. टोमॅटो हातानं कुस्करायचे. रिकाम्या डब्यात थोडं पाणी घालून ते विसळून पातेल्यात ओतायचं. हे पाहून मला बाई एकदम आपल्यातल्या वाटल्या. वर बेझिलची पानं. हे झाड म्हणजे आपला सब्जा, ज्याचं बी आपण फालुद्यात घालतो, तुळशीच्याच कुळातलं. घरी येऊन हिला सांगितलं तर हिनं कानांवर हात ठेवले. “तुळशीचं नातलग? आणि मांसात?”

गोळ्यांसाठी शिळ्या पावाचे तुकडे दुधात भिजवून हलके पिळायचे. दोन पौंड खिमा, दोन अंडी, मेंढीच्या दुधाचं खारट चीज किसून, पार्सली, लसूण. पाव हा नुसता भरतीचा माल नाही. भिजलेल्या पावातला स्टार्च रस धरून ठेवतो आणि मांसाच्या कणांना आवळू देत नाही. गरिबीनं शोधलेली युक्ती, श्रीमंती आली तरी कामाला आली. कालवायचं बोटांच्या टोकांनी, रव्याच्या लाडवाला लावतो तेवढ्याच बेतानं. मग तेलात चहूबाजूंनी तांबूस तळायचे, आतून कच्चेच ठेवून. हा तांबूसपणा म्हणजे ‘मेयार प्रक्रिया’. मेयार नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञानं १९१२ साली ती पहिल्यांदा मांडली. खमंगपणाला शास्त्रज्ञाची गरज लागते, हे मला नवीन होतं. मग गोळे ग्रेव्हीत सोडायचे आणि झाकण अर्धवट ठेवायचं. पुढे अडीच तास, मंद आच.

इथवर सगळं सोपं. पण बाई हात धुऊन कोट चढवू लागल्या. चर्चला निघाल्या! रविवारची ग्रेव्ही अशीच असते म्हणे. पातेलं चुलीवर ठेवून देवाकडे जायचं आणि परत येईपर्यंत दोघांचीही कृपा झालेली असते. जाताना मला म्हणाल्या, “बुडाला लागू देऊ नका, गोळे मोडू नका, आणि काही झालं तरी आच वाढवू नका.” नातवाला चित्रकलेच्या वर्गाला जायचं होतं. परक्या देशात, परक्या बाईच्या घरात, मी आणि पातेलं असे दोघंच उरलो.

माझा अख्खा जन्म ‘तातडीचे’ असा शिक्का मारण्यात गेला. मला हे पातेलं बघवेना. मध्येच एक बुडबुडा यायचा, ‘बुळुक’ म्हणायचा आणि फुटायचा; मग पुढचा विचार करून यायचा. झोपेत पुटपुटणाऱ्या म्हाताऱ्यासारखं चाललेलं. दोनदा माझा हात शेगडीच्या बटणाकडे गेला आणि दोनदा भिंतीवरच्या येशूच्या आईनं माझ्याकडे पाहिलं.

करायला काही नसलं की माणूस बघायला लागतो. दहा माणसांचं लांबलचक टेबल. कपाटात एकावर एक ताटल्या. भिंतीवर फोटो : मुलं, सुना, जावई, पदवीच्या टोप्या. टेबलाभोवतीच्या नऊ खुर्च्या भिंतीशी नेऊन ओळीनं ठेवल्यासारख्या सरळ. दहावी मात्र टेबलाला तिरकी, आणि तिच्यावर दोन जाड उश्या. एका नऊ वर्षांच्या मुलाचे हात ताटलीपर्यंत पोचावेत इतक्या उंच.

मी जाऊन पातेलं ढवळून आलो. गरज नव्हती.

बाई परतल्यावर धीर करून विचारलं, “हा खिमा कशाचा?”

“मेंढीचा आणि टर्कीचा,” त्या म्हणाल्या.

“पण पुस्तकात तर...”

“माझ्या आजीपासून तिघांचाच चालत आला. गाय, डुक्कर, वासरू. दोन वर्षांपूर्वी हा पहिल्यांदा दारात आला, तेव्हा सात वर्षांचा होता. वास घेतला आणि म्हणाला, आम्ही गाय खात नाही. माझे इंडियातले आजोबा रागावतील.”

वाचक हो, त्या क्षणी जो माझ्या पोटात आला त्याला शुद्ध मराठीत गोळाच म्हणतात. इंडियातले आजोबा म्हणजे मी! ज्यानं जन्मभर स्टेशनापलीकडे काय काय खाल्लं त्याची घरी दाद लागू दिली नाही, त्या माझ्या रागाला भिऊन बारा हजार किलोमीटरवरच्या एका म्हातारीनं तीन पिढ्यांची पाककृती बदलली होती. आणि मला अजून धड राग यायलाही सवड झाली नव्हती.

शहाणा माणूस इथे थांबला असता. पण शिकलेली विद्या दाखवल्याशिवाय विद्यार्थ्याला चैन पडत नाही. पुढे तीन रविवार शिकलो, आणि चौथ्या रविवारी घरीच घाट घातला. पहाटे उठलो, पाव भिजवला, एकच गोळा आधी सोडून पाहिला (हा हिचा पाठ), आच वाढवली नाही (हा बाईंचा). दुपारी एकला झाकण काढलं, आणि काय सांगू! चमच्यानं दुभंगावा असा मऊ, पण मोडत नाही. चिरंजीव दोनदा पावानं ताटली पुसून जेवले. नातवानं चार खाल्ले. कुंपण ओलांडलं नाही.

मी विजयी मुद्रेनं हिच्याकडे पाहिलं. ती खिडकीतून बाहेर पाहत होती.

“दोनदा बाहेर येऊन गेल्या,” ती म्हणाली.

मी उठून पाहिलं. नोन्नाबाई पायरीवर उभ्या होत्या. कोट नव्हता, हातात ओव्हनचे हातमोजे तसेच. आमच्या दाराकडे पाहिलं आणि पक्ष्यांच्या डब्यात दाणे आहेत का ते बघायला आल्यासारखं करून आत गेल्या. पक्ष्यांचा डबा तुडुंब भरलेला होता.

उरलेल्या गोळ्यांचं दुःख हिला कळतं, हे मी आधीच सांगितलं आहे. तिनं पातेलं कापडात धरलं. हो, ते पातेलं, ज्याला ती चार आठवडे वहाण घातल्याशिवाय जवळ फिरकत नव्हती. दुसरं सकाळच्या आमटीचं माझ्या हातात दिलं आणि नातवाला म्हणाली, “चल रे, बूट घाल.”

आम्ही पाच जण त्या दिवशी दुसऱ्यांदा जेवलो. नोन्नाबाईंनी माझा गोळा चाखला, डोळे मिटले आणि निकाल दिला : “मीठ ठीक. पाव जास्त पिळलाय.” मग हिची आमटी चाखली, गोळा फोडून पाहिला आणि विचारलं, “यात मांस कुठंय?”

“नसतं,” नातू म्हणाला. “चण्याचं पीठ असतं.”

“सिसिलीतली माणसं चण्याच्या पिठाची तळलेली वडी खातात,” बाई म्हणाल्या आणि त्यांनी आणखी दोन गोळे घेतले. हिनं माझ्याकडे जे पाहिलं, त्याचं भाषांतर नातवालाही करता आलं नसतं.

त्यानंतर तिथे असेपर्यंत मी गोळे केले नाहीत. ‘आजोबा, तुझे का नाही करत?’ असं नातवानं विचारलं तेव्हा ‘मला ते पाव पिळायचं जमत नाही रे’ असं सांगितलं. रविवारी बेकरीतून ताजा लांब पाव आणायचं काम माझ्याकडे आलं, ते मी चोख केलं. वरचं टोक वाटेत मोडून खायचा तिथल्या मुलांचा परंपरागत हक्क आहे. तो आम्ही दोघांनी वाटून घेतला.

आता ठाण्याला परत येऊन वर्ष होत आलं. क्वचित एखाद्या रविवारी हिच्या परवानगीनं मी गोळे करतो. वेगळं पातेलं, वेगळा डाव, माळ्यावर ठेवायचा. पातेलं पुटपुटत असतं आणि मी आच वाढवत नाही. परवा चिरंजीवांचा फोन आला. नाताळात नोन्नाबाईंचा मुलगा कुटुंबासह येऊन गेला. दहाही खुर्च्या भरल्या. आमच्या नातवाला दोन उश्यांसकट अकरावी आणली. जेवताना मुलगा म्हणाला, “मॉम, ग्रेव्हीची चव बदललीय. पहिली राहिली नाही.”

बाईंनी त्याच्या ताटलीत आणखी एक गोळा वाढला आणि म्हणाल्या, “दर रविवारी येत जा. पुन्हा बदलते.”